लेकीचा हात

मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी गावात जिलेबीच्या कढया लागत, घरोघरी पाहुणे उतरत आणि शाळेमागच्या मैदानात रात्रीच्या नाटकाचा मांडव उभा राही. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी असे, आणि लग्न झालेल्या लेकी आपापल्या गावच्या मंडईला माहेरी येत.

निर्मलाबाईंच्या घरी त्या दिवशी आणखी एक रीत होती. दुपारची जेवणं उरकली की त्या ओसरीवर सतरंजी अंथरत. दिवाळीला घरातल्या सुनांनी स्वतःसाठी जे घेतलं असेल ते त्यावर मांडायचं, आणि माहेरी आलेल्या लेकीनं त्यातली एक वस्तू उचलायची. लेकीचा हात लागला की घरात बरकत राहते, असं त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं.

धाकटी सून पुष्पांजली अर्जुनी मोरगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला तिनं आपल्या पगारातून घेतलेली कोशाची रेशमी साडी मांडली. नणंद गंगा ती घेऊन गेली. पुढे एकदा मनगटी घड्याळ गेलं. मग एका वर्षी तिनं काहीच घेतलं नाही, तेव्हा निर्मलाबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "आमची मास्तरीन पगाराले कुलूप लावून ठेवते."

या वर्षी मात्र तिनं विचार करून खरेदी केली होती. शाळेच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला गेली असताना तिनं एक दुर्बीण घेतली. घरामागं गावचा तलाव होता. हिवाळ्यात त्यावर बाहेरून बदकं येत, पण ती पाण्याच्या मध्यावर बसत आणि काठावरून नुसते ठिपके दिसत. प्राणिशास्त्राची पदवी घेऊनही तिला त्यांची नावं सांगता येत नव्हती, याचं तिला वाईट वाटे. शिवाय दुर्बिणीचा गंगाला काही उपयोग नव्हता. ज्या वस्तूचा उपयोग नाही ती कोण कशाला नेईल? हा तर्क तिला पक्का वाटला.

सतरंजीवर मोठी जाऊ कौतिका हिनं दोन साड्या आणि एक पर्स ठेवली. पुष्पांजलीनं शेजारी दुर्बीण ठेवली. मध्ये उकडलेल्या शिंगाड्यांची परात होती आणि गंगा सोलून सोलून खात होती.

"हे काय होय वो वयनी?" तिनं विचारलं.

"दुर्बीण आहे ताई."

"कायले घेतली?"

"तलावावरचे पक्षी पाहायला."

कौतिका हसत सुटली. "पक्षी पाहाले पैसे लागते का? सकाळी डोक्यावरून फुकट जाऊन राहते न!"

"पक्ष्याचं नाव सांगते," निर्मलाबाई म्हणाल्या. "लोकाइच्या आंगनात पाहासाठी घेतली असन."

सगळ्या हसल्या. पुष्पांजलीही हसली. आतापर्यंत सारं तिच्या हिशेबाप्रमाणं चाललं होतं.

गंगानं हात पदराला पुसले आणि दुर्बीण उलटी धरून डोळ्याला लावली. "आईऽ, तू तं मुंगीएवढी दिसून राहिली!"

"तशी नाही ताई, इकडून. या, दाखवते." पुष्पांजली उठली. गंगाला मागच्या दारात घेऊन गेली, दुर्बीण तिच्या हातात नीट दिली आणि मधलं चाक हळूहळू फिरवायला सांगितलं. "डावीकडे पाहा, पाण्यात खुंट आहे त्याच्या बाजूला. नारिंगी रंगाची दोन दिसतात का?"

"नाई… धुकं दिसते… थांबा. थांबा थांबा." गंगाचं बोट चाकावर थांबलं. "अवो माय."

"चकवे आहेत ते. जोडीनं राहतात. हिमालयाच्या पलीकडं अंडी घालतात आणि थंडीला इकडं येतात. एवढ्या लांबून, ताई, आणि आपल्या तलावावर उतरतात. मला कालच कळलं. आजवर मी त्यांना साधी बदकंच समजत होते."

या घरात ती एका दमात इतकं कधी बोलली नव्हती. गंगा बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं दुर्बीण खाली घेतली आणि पुष्पांजलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तलावाकडं पाहत होती तसंच, निरखून.

"मी हेच नेतो," ती म्हणाली.

दोघी ओसरीवर परत आल्या. दुर्बीण गंगाच्या मांडीवर होती.

"ताई, दुसरं काही घ्या," पुष्पांजली म्हणाली. "मी उद्या तुमच्याबरोबर अर्जुनीला येते, तुम्हाला आवडेल ती साडी घेऊ. ही नका नेऊ."

कौतिकाचा शिंगाडा सोलणारा हात थांबला.

"या घरात लेकीले कोणी नाई म्हनलं नोहोतं," निर्मलाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "देवचंद! इकडं ये. पाह्य तुही बायको काय म्हनते तं."

पुष्पांजलीचा नवरा बाहेर पाहुण्यांत बसला होता. तो आला, उभ्याउभ्या ऐकून घेतलं. "देऊन दे न," तो म्हणाला. "पक्षीच पाहाचे आहेत न? नाई पाहिले तं काय मरनार आहेस का?" आणि पाहुण्यांकडं परत गेला.

"राहू दे आई," गंगा म्हणाली. "नाई पायजे मले. संध्याकाळच्या बसनं जातो मी." पण दुर्बीण तिनं मांडीवरून काढली नाही.

पुष्पांजलीनं आतून दुर्बिणीचा खोका आणि काच पुसायचं मऊ कापड आणलं. कापड कसं वापरायचं तेही सांगितलं. गंगाला कुंकू लावलं. गंगा रात्री नाटकाला थांबली.

सकाळी तिला बसवर सोडायला पुष्पांजलीच गेली. तिची शाळेची बसही तिथूनच होती. रस्त्यावर दोघीच होत्या.

"ताई, एक विचारू? तुम्ही तिकडं पक्षी पाहणार आहात का?"

"मले कुठं वेळ आहे? धान कापाले आला."

"मग का घेतली?"

गंगानं लपवलं नाही. "तुमाले लय पायजे होती न, म्हनून."

पुष्पांजली चालता चालता थांबली.

"माह्या घरी माह्या नणंदा येतेत," गंगा म्हणाली. "त्या काय भिकार साडी नेतेत का? माह्या तोंडाकडं पाहतेत अना ज्याच्यात माहा जीव आहे तेच उचलतेत. मले फक्त इथंच उचलाले भेटते." बस लांबून दिसू लागली. गंगानं पिशवीतून खोका काढून पुढं धरला. "घ्या, पायजे तं परत घ्या. मी नाई रडत. पन घरी जाऊन सांगा, तुमीच मांगून घेतली म्हनून. मी दिली म्हनून नोका सांगू."

तिला वाटलं असावं, वहिनी घेणार नाही. पुष्पांजलीलाही आदल्या दिवसापर्यंत तसंच वाटलं असतं. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि खोका घेतला.

गंगा बसमध्ये चढली. खिडकीतून तिनं पाहिलं नाही.

संध्याकाळी पुष्पांजलीनं सासूला सांगितलं, गंगानं सांगायला लावलं होतं तसं. "मी परत मागून घेतली." निर्मलाबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्या गाईला चारा टाकायला उठल्या. देवचंद त्या दिवसापासून कितीतरी दिवस पाणीसुद्धा कौतिकावहिनीकडं मागत होता.

पुढच्या दिवाळीआधी गंगाचा निरोप आला, धान कापणं आहे, येणं होणार नाही. ते खरंही असेल. मंडईला पाहुणे आले, जिलेबी आली, शिंगाडे आले. जेवणं झाल्यावर निर्मलाबाई भिंतीला टेकून बसल्या. सतरंजी माळ्यावरून कोणी काढली नाही. कौतिकानं या वर्षी काय घेतलं हे पुष्पांजलीला कळलं नाही. ती जावेच्या खोलीत गेली तेव्हा कौतिकानं कपाटाचं दार हळूच लावून घेतलं.

पुष्पांजली दुर्बीण घेऊन मागच्या दारात जाऊन उभी राहिली. तलाव भरलेला होता. चकवे आले होते, त्यांच्या पलीकडं राखी पाठीची लहान बदकं होती, ती तिनं वर्षभरात ओळखायला शिकली होती. डोकं पाण्यात आणि शेपट्या वर, अशी ती चरत होती. एक नर वळला आणि त्याच्या पंखावरचा हिरवा पट्टा उन्हात लख्ख चमकला. इतका स्पष्ट तिनं तो कधी पाहिला नव्हता.

मागं भांडी वाजली. कौतिका खरकटं टाकायला आली होती.

"कौतिकाताई, या ना. पाहा एकदा, किती छान दिसतंय."

कौतिकानं खरकटं टाकलं, ताट उपडं करून ठोकलं.

"नोको बाई," ती म्हणाली. "हातात घेतलं तं म्हनसीन, इनं मांगितली."