अर्न क्वार्मबीचे कांदे आणि चौथा पुरवठादार

या गोष्टीवर विश्वास ठेवणारा माणूस अजून आमच्या क्लबाच्या दारातून आत आलेला नाही. तुम्हीही ठेवणार नाही. पण बियर तुम्ही पाजली आहे, तेव्हा मला सांगणं भाग आहे.

मी, डेस केरस्लेक, टास्मानियातल्या आमच्या सॉसेज रोलच्या कारखान्यात तेवीस वर्षं खरेदी बघत होतो. बघत होतो म्हणजे काय, तर कांदे संपत आले की नदीपलीकडच्या अर्न क्वार्मबीला फोन लावायचो. "अर्न, कांदे." "बरं." झाली खरेदी. आणि कांदे असे जहाल, की कापणाऱ्या बायका रडायच्याच, पण फोनवर मागवताना माझेही डोळे पाणवायचे.

मग मेलबर्नच्या हेड ऑफिसातून फेलिसिटी आली. बूट कोरे करकरीत, आणि हातात धोक्यांचा रंगीत तक्ता. त्यात आमच्या कांद्याचा चौकोन लालभडक.

"डेस, तुमचा सगळा कांदा एकाच माणसाकडून येतो?"

"हो. भला माणूस आहे."

"तो उद्या मेला तर?"

"तर परवा आपण सगळे अंत्यविधीला जाऊ. त्याची बायको केक फार छान करते."

तिला हसू आलं नाही. तिनं अर्नला एकशे बारा प्रश्नांचा फॉर्म धाडला. 'आपले आकस्मिक निधन झाल्यास ग्राहकास किती तासांत कळवाल?' अर्ननं प्रामाणिकपणे लिहिलं, 'तेव्हाच्या तब्येतीवर अवलंबून.'

चौकोन आणखी लाल झाला. जाताना फेलिसिटी मला म्हणाली, "तीन पुरवठादार हवेत, डेस. तिघंही वेगवेगळे. मेलबर्नच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याला जाणारा रोलचा माल एकदा जरी चुकला ना, तर हा कारखाना बंद करून समुद्रापलीकडे न्यायचं ठरलंय."

एक्केचाळीस माणसं होती कारखान्यात. त्यातलं एक मी. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार होतं? मी टोपी घातली आणि शोधायला निघालो. पहिल्याच दिवशी वॉली ड्यूहर्स्ट सापडला, दुसऱ्या दिवशी डॉट लॅनम. दोघंही नदीच्या अलीकडचे. दोघांनी आधी मान खाजवली, आकाशाकडे बघितलं, मग म्हणाले, "बरं, देऊ."

सोमवारी अर्नचा ट्रक, बुधवारी वॉलीचा, शुक्रवारी डॉटचा. चौकोन हिरवागार. फेलिसिटीनं तो सिडनीच्या परिषदेत पडद्यावर दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. तिच्या अहवालासाठी मीच चव घेऊन लिहिलं होतं, की वॉलीचा कांदा किंचित गोड, डॉटचा जरा उग्र, आणि अर्नचा मात्र आता पूर्वीसारखा राहिला नाही.

तिसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, सामन्याचा माल बोटीवर चढवायच्या चार दिवस आधी नदीला पूर आला आणि पूल गेला. अर्नची कोठारं पलीकडे राहिली. फेलिसिटीचा फोन आला, आवाजात विजय मावत नव्हता. "बघा डेस! याचसाठी आपण तीन ठेवले!"

मी ऐटीत वॉलीला फोन लावला. "वॉली, पुढचे चार दिवस तूच आमचा राजा. काढ कांदे."

पलीकडे त्यानं दोनदा घसा खाकरला.

"वॉली?"

"डेस, गड्या... पूल गेलाय."

"पूल गेला तर तुला काय? तू अलीकडे."

"मी अलीकडे रे. कांदे पलीकडे."

"कुठले कांदे पलीकडे?"

"माझे. म्हणजे अर्नचेच ते. माझ्या रानात दहा वर्षांत मेंढ्यांशिवाय काही उगवलेलं नाही. मी त्याच्याकडनं भरून आणायचो आणि तुला द्यायचो."

"मग 'देऊ' म्हणालास कशाला?"

"तू रडकुंडीला आला होतास. नाही कसं म्हणायचं? आणि अर्नचं गिऱ्हाईक मी तोडू? माझ्या पोरीच्या लग्नात दिवसभर धुरात उभं राहून मेंढी भाजली त्यानं!"

मी डॉटला फोन लावला. ती तिकडे बसलीय, शेंगदाणे खात. विचारा तिलाच. काय म्हणालीस गं?

"म्हणाले, वॉलीचं मला माहीत नाही, पण मी तर अर्नकडूनच आणते," डॉट शेंगदाणे चघळत म्हणाली. "चोरून थोडीच आणत होते? अर्नला विचारून आणत होते."

ऐकलंत? तीन ट्रक, तीन फॉर्म, तीनशे छत्तीस उत्तरं, आणि कांदा एकाच कोठारातला! आमच्या खोऱ्यात माणसं एवढी सभ्य आहेत, की त्यांच्यापुढे कुठल्याही तक्त्याची डाळ शिजत नाही.

आता नीट ऐका. पूल नाही, आणि हेलिकॉप्टर पूरग्रस्तांना सोडून कांद्यासाठी येईना. मी काठावर उभा. पलीकडे अर्न उभा. मी ओरडलो, "अर्न, कांदे!" तो ओरडला, "बरं!" आणि त्यानं कोठाराचं दार उघडून सगळे आठ टन कांदे पुरात लोटले. कांदा तरंगतो, माहितीय ना? नदी या काठापासून त्या काठापर्यंत सोनेरी झाली. खाली कारखान्याच्या वळणावर मी सगळं गाव उभं केलं होतं. मासे धरायची जाळी, टेनिसची जाळी, पाद्रीबाबांचा झगासुद्धा. दोन तासांत शेवटचा कांदा आम्ही उचलला. नदीतले मासे आठवडाभर डोळे चोळत होते. रोल वेळेवर गेले, ऐंशी हजार लोकांनी खाल्ले, कारखाना आजही जागच्या जागी आहे. फेलिसिटीला बढती मिळाली. तिनं तक्त्यात चौथा पुरवठादार म्हणून नदीचं नाव घातलं आणि नदीच्या पत्त्यावर एकशे बारा प्रश्नांचा...

"डेस केरस्लेक!" शेंगदाण्याची बशी बाजूला सारून डॉट उभीच राहिली. "अर्नचं रान कारखान्याच्या खालच्या अंगाला आहे! नदी तिकडे जाते, तिकडून येत नाही. आठ टन कांदे काय पुरात उलटे पोहत चढले? त्या शनिवारी ऐंशी हजार लोकांनी माझ्या मेंढ्यांना घालायचे सलगम खाल्ले, आणि चार दिवस ते सोलत तू माझ्याच अंगणात बसला होतास!"