दहाव्या हिश्श्यातला व्हर्लिन

नोरीन हालवर्सन ही अमेरिकेतल्या डे मॉइन शहरातली करवकील. एखाद्या गावाला सार्वजनिक इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे असले, की त्यांच्या व्याजावर कर लागणार नाही अशी लेखी हमी द्यायची, हे तिचं काम. कर नाही म्हटल्यावर लोक कमी व्याजावरही पैसे देतात आणि गावाचं भागतं. अट एकच: इमारत सगळ्यांची हवी, दहाव्या हिश्श्याहून जास्त जागा कुणाच्या खाजगी धंद्याने वापरता कामा नये. हा दहावा हिस्सा नोरीनने आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून राखला होता. तिच्या बाल्कनीतले टोमॅटोसुद्धा कुंडीबाहेर वाढायला धजत नसत.

ऑस्टवेल गावाच्या वाचनालयाचं छप्पर गळत होतं आणि दुरुस्तीच्या रोख्यांवर उद्या सह्या व्हायच्या होत्या. त्याआधी प्रत्येक गावाला विचारतात, इमारतीत कुणाचा धंदा चालतो का? शहाणी गावं डोळे मिटून 'नाही' लिहितात. ऑस्टवेलच्या कारकून डीडी पॉल्क यांनी लिहिलं, 'हो. व्हर्लिन बसतो.' नोरीनने कपाळाला हात लावला आणि गाडी काढली.

व्हर्लिन क्रूस खिडकीपाशी बसला होता. ऐंशी पार केलेला, गळ्यात टाय, टेबलावर पितळी पाटी: 'क्रूस विमा एजन्सी'. शेजारच्या बादलीत छपराचं पाणी टपकत होतं.

"हे काय चाललंय?" नोरीनने डीडीबाईंना बाजूला घेऊन विचारलं.

"अहो, बायको डोरिन गेली, त्यांनी विम्याचं दुकान विकलं आणि इथे येऊन बसले. उठा कोण म्हणणार?" डीडीबाईंनी रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा पुढे केला. "भाडंसुद्धा देतात. नको म्हटलं की रागावतात."

भाडं देणारा धंदा म्हणजे नोरीनच्या कायद्यात दुहेरी पाप. तिने वडी नाकारली.

"मिस्टर क्रूस," ती म्हणाली, "मी इथे कुठलाही धंदा करत नाही, एवढ्यावर सही करा. मग बसा खुशाल."

"पण मी करतो की."

"हे छप्पर तुमच्याच डोक्यावर गळतंय."

"गळू दे. सही केली तर उद्या सकाळी इथे येऊन बसणारा मी कोण?"

"वाचक," डीडीबाई म्हणाल्या.

"मला वाचायचा कंटाळा आहे, डीडी. तुला ठाऊक आहे."

नोरीनचा भरवसा वादापेक्षा मोजमापावर होता. तिने पर्समधून टेप काढली, मुलांच्या कोपऱ्यातून खडू आणला आणि टेबल-खुर्च्यांभोवती रेघ मारली. दहाव्या हिश्श्याच्या कितीतरी आत. सुटकेचा नि:श्वास टाकणार, तोच व्हर्लिनचा चेहरा पडला.

"एवढीच? हीटर राहिला की. गिऱ्हाईकाचे पाय गार पडले तर ते सही करत नाही."

"हीटर सगळ्यांचा आहे."

"आणि मुलांचा कोपरा? गर्दी झाली तर लोक कुठे थांबणार?"

"कसली गर्दी?" डीडीबाई म्हणाल्या.

"झाली तर म्हटलं. शिवाय दारापर्यंतची वाट. गिऱ्हाईक काय खिडकीतून उडी मारून येणार?"

नोरीनने जन्मभर धंदेवाल्यांना जागा लपवताना पाहिलं होतं. हा बाबा अख्खं वाचनालय अंगावर घ्यायला निघाला होता. त्याच्या हिशेबाने आकडा दहाव्या हिश्श्यापलीकडे गेला, आणि मग बाजार भरल्यासारखी घासाघीस सुरू झाली. मुलांचा कोपरा त्याने सोडला, कारण त्या बुटक्या खुर्च्यांवर जाडी गिऱ्हाइकं मावत नसत. वाट सोडताना त्याला वाईट वाटलं. हीटर मात्र अर्धा पदरात पाडूनच घेतला.

"दहाव्यात बसलं," नोरीन म्हणाली. "आता शेवटचं. इथे शेवटची पॉलिसी कधी विकलीत?"

व्हर्लिनने पाटी रुमालाने पुसली. "परवाना दरवर्षी नवा करतो."

"पॉलिसी, मिस्टर क्रूस."

"डोरिन होती तेव्हा. दुकानात." आवाज खाली गेला. "इथे अजून नाही."

म्हणजे धंदा नव्हताच. नोरीनला हेच तर हवं होतं. नसलेला धंदा कागदावर 'आहे' असा लिहायला तिचा हात धजणार नव्हता, आणि 'नाही' लिहिलं की काम फत्ते. व्हर्लिनने पाटी कोटाच्या खिशात घातली आणि टोपी उचलली. डीडीबाई बादली बघत राहिल्या.

नोरीनला वाईट वाटलं, आणि कामावर असताना वाईट वाटल्याचा तिला रागही आला. तिने गिऱ्हाईकाची खुर्ची ओढली आणि बसली.

"गारपिटीचा विमा करता का?"

व्हर्लिन टोपी हातात धरून उभा राहिला. "पिकाचा?"

"पिकाचाच."

"पीक कुठलं?"

"टोमॅटो."

"किती एकर?"

"तीन कुंड्या."

हसू दाबायला डीडीबाईंनी रुबार्बची अख्खी वडी तोंडात कोंबली. व्हर्लिन मात्र हसला नाही. त्याने टोपी खाली ठेवली, पाटी पुन्हा टेबलावर मांडली, चष्मा चढवला.

"बाल्कनीचं तोंड कुठे?"

"पश्चिमेला."

"मग हप्ता जास्त पडेल. गारा तिकडूनच येतात."

"चालेल."

त्याने लिहायला सुरुवात केली आणि थांबला. चष्म्यावरून खाली जमिनीकडे बघत राहिला.

"वकीलबाई, खुर्ची जरा आत घ्या. मागचा पाय रेघेबाहेर गेलाय. ती जागा सगळ्यांची आहे."