शोधाचं कारण

अकरावा कागद प्रिंटरमधून पुरता बाहेर पडायच्या आधीच नोंद अधिकाऱ्याने ओढला, आणि शेवटची ओळ फरफटली. पुन्हा छापावा लागला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने असली घाई कधी केली नव्हती.

शहरातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेला एक चेहरा आजवर कुणी, कधी आणि कशासाठी शोधला, याची ती यादी होती. नव्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून साठवलेले सगळे चेहरे महिनाअखेरीस पुसायचे होते. त्याआधी ज्याला हवं त्याने अर्ज करून आपल्याला कुणी पाहिलं हे विचारायचं. अर्ज फारसे येत नव्हते. आपल्याला पाहण्यात कुणाला रस असेल हेच लोकांना खरं वाटत नव्हतं, आणि ज्यांना वाटत होतं ते अर्जावर फोटो चिकटवायला राजी नव्हते.

हा अर्ज त्याच्या मुलीचा होता. अकराही पानांवर शोध घेणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव होतं, त्याचं स्वतःचं.

दोन वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली ती त्याच्या पहाऱ्याला कंटाळून. मैत्रिणींना फोन करून खातरजमा करणं, बॅग चाचपणं, गॅलरीत घड्याळ बघत उभं राहणं, यालाच तो काळजी म्हणत आला होता. निदान आता तरी माझ्या मागावर राहू नका, एवढंच ती जाताना बोलली. त्याने ते पंधरा दिवस पाळलं. मग एका सकाळी त्याने यंत्रात तिचा फोटो घातला. नऊ वाजून दहा मिनिटांनी ती पादचारी पूल ओलांडताना दिसली, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं. पुढे ते रोजचंच झालं. शोधाचं कारण विचारलं की तो ‘कॅमेरा तपासणी’ असं भरायचा. कारणं तपासण्याचं काम त्याच्याकडेच असल्याने कुणाला शंका यायचा प्रश्न नव्हता.

साहेब भला माणूस होता. त्याने यादी चाळली, चष्मा काढला आणि दार लोटून घेतलं. निवृत्तीला चार महिने राहिलेत, याची त्याने आठवण करून दिली.

“तीस तारखेला सगळं पुसलंच जाणार आहे. अर्ज तोवर टेबलावर पडून राहिला तर कुणाचं काय बिघडतं?”

अधिकाऱ्याने अर्ज फायलीखाली सरकवला. दुपारपर्यंत तो तिथेच होता, आणि त्याला बरंही वाटत होतं. तिला काही कळणार नव्हतं, पेन्शनही सुखरूप राहणार होती. पण आयुष्यात त्याने एकही अर्ज दाबून ठेवला नव्हता, आणि सुरुवात पोटच्या पोरीपासून करायची त्याला लाज वाटली. चार वाजता त्याने अर्ज काढला, अर्जदार आपली मुलगी असल्याचं लिहून दिलं आणि उत्तरावर साहेबाची सही मागितली. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय, असं म्हणत साहेबाने सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. केस आखूड कापलेले, डाव्या खांद्यावर निळी पिशवी. त्याला यातलं सगळं आधीच ठाऊक होतं, त्यामुळे दोन वर्षांनी लेक समोर आल्याचं धड नवलही त्याला करता येईना. तिने खिडकीशी उभ्यानेच पानं उलटली.

“रोज?”

“सुट्ट्या सोडून.”

ती हसली नाही. सातव्या पानावर तिचं बोट थांबलं. तिथे एकेका दिवशी पंधरा-पंधरा, वीस-वीस नोंदी होत्या, आणि सगळ्यांपुढे एकच शेरा होता: आढळ नाही.

“हे काय आहे?”

“त्या आठवड्यात तू पुलावर दिसली नाहीस.”

“दवाखान्यात होते. ऑपरेशन झालं माझं.” तिने पान हळूच पालथं केलं. “सत्तर वेळा शोधलंत, बाबा. फोन एकदाही नाही केलात.”

“मला वाटलं, नंबर बदलला असशील.”

“तोच आहे.”

त्याने पोचवही तिच्यापुढे सरकवली. तिने पोच लिहून दिली आणि मग नोंद आजच पुसावी म्हणून दुसरा अर्ज भरला. तोही त्याने रीतसर घेतला. पुसायचं काम दुसऱ्या कुणाला येत नसल्याने बटण त्यालाच दाबावं लागलं. पडदा कोरा होईपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली, मग कागद पिशवीत घालून निघाली.

तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर पोचला तेव्हा त्याने मोबाईल काढला. दहाच्या दहा आकडे न अडखळता बोटांतून उतरले. खालच्या वळणावरून रिंग ऐकू आली, आणि चपलांचा आवाज थांबला. दुसरी रिंग झाली, तिसरी झाली, मग तीही थांबली.

तिने फोन कापला की उचलला, हे त्याला कळेना. मोबाईल अजून त्याच्या हातातच होता. तो कानाला लावायचा त्याला धीर होत नव्हता.