मीटरचं सील

शिंपिणीने पक्कड हातात घेतली. वीज ऑफिसवाल्यांनी शेजारच्या घराऐवजी चुकून तिचीच वीज तोडून मीटरला सील ठोकलं होतं. चूक त्यांना मान्य होती, पण सील काढायला साहेबांची सही हवी, आणि साहेब रजेवर. आत वडिलांच्या श्वासाचं मशीन बॅटरी संपत आल्याचं ओरडून सांगत होतं.

"सीलला हात लावलास तर तुरुंगात टाकतील, पोरी," वडील धापा टाकत म्हणाले.

"टाकू देत. तुम्ही तिथे डबा आणा."

"मला चहासुद्धा जमत नाही."

"मग शिका, बाबा. त्यासाठी जगावं लागेल."

तिने सीलची तार कापली, खटका वर केला. मशीनचं ओरडणं थांबलं, वडिलांचा श्वास संथ झाला. मग तिने ऑफिसला फोन लावला.

"सील मी तोडलंय. पत्ता तुमच्याकडे आहेच. या वेळी तरी बरोबर घरी या."