चिकटलेली पानं

शर्लिनच्या हातात पेन होतं आणि समोर सतरा नंबरचा फॉर्म. सही केली की तिची पेट्रिशिया दहावीला बाहेरून बसणार, शाळेची विद्यार्थिनी म्हणून नाही. मग शाळेचा शंभर टक्के निकाल शाबूत. बोरीवलीतल्या त्या शाळेत हे काम इतक्या गोडीगुलाबीनं चालायचं की पालक सही करून वर आभारही मानत.

शर्लिनही मानणारच होती. पोरीला डिस्लेक्सिया आहे, असा सरकारी हॉस्पिटलचा दाखला तिनं तीन महिने खेटे घालून मिळवला होता. आता भांडायचं त्राण उरलं नव्हतं. पण शेजारी बसलेल्या विशेष शिक्षिका ऋताबाईंनी फॉर्मवर तळहात ठेवला.

"सही करू नका. लेखनिक मिळणं हा तिचा हक्क आहे. शाळेची मेहरबानी नाही."

मुख्याध्यापिका उत्तराबाई काही दुष्ट नव्हत्या, दमल्या होत्या. "लेखनिक लिहील हो. पण सांगणार कोण? ही वर्गात दिवसभर खिडकीबाहेर बघते."

ते मात्र खरं होतं. एक्सर गावठाणातल्या आपल्या घरी शर्लिन लग्नाच्या ऑर्डरींचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोल पाव, तळायची. पीठ मळता मळता बरणीला पुस्तक टेकवून लेकीला धडे वाचून दाखवायची, आणि तेव्हाही लेक खिडकीबाहेरच बघायची. पालथ्या घड्यावर पाणी, हे मनाशी धरूनच आई वाचत राहिली होती.

"मग आत्ताच बघू," ऋताबाई म्हणाल्या.

लेखनिक खालच्या वर्गातलाच लागतो, म्हणून नववीतल्या गार्गीला बोलावलं. ऐकेल तेवढंच उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं तिला बजावलं. प्रश्न भूगोलाचा होता: अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात लोकवस्ती विरळ का?

आईच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या पेट्रिशियानं खिडकीकडे तोंड वळवलं. शर्लिनचा जीव टांगणीला लागला.

आणि मग पोर बोलू लागली. सावकाश, स्वच्छ, पुस्तकी मराठीत. घनदाट जंगल, दमट हवा, रोगराई. एकामागून एक वाक्य येत होतं. मध्येच ती थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. शर्लिनच्या अंगावर काटा आला. घाणा तेलात सोडायला ती स्वतः जिथे जिथे थांबली होती, नेमकी तिथेच पोर थांबत होती. दोन वर्षं आपण जे वाऱ्यावर सोडलं असं वाटलं, त्यातलं काहीच सांडलं नव्हतं. ही आपल्या पोटची, आणि हिच्यात एवढं मावतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

"दळणवळणाच्या सोयी अपुऱ्या असल्याने या भागात," पेट्रिशिया म्हणाली, "कॉफीचे मळे मोठ्या प्रमाणावर आढळतात."

गार्गीनं निमूट लिहिलं. उत्तराबाईंनी चष्मा काढला. "हे मध्येच काय?"

शर्लिनला लख्ख आठवलं. त्या दिवशी वाचताना तिलाही ते वाक्य चमत्कारिक वाटलं होतं, पण पुस्तकात असेल ते बरोबरच असेल, असं धरून ती पुढे गेली होती. तिनं लेकीच्या दप्तरातून पुस्तक काढलं. तो धडा उघडला. फुग्यांचं पीठ वाळून दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती.

"तिची चूक नाही, बाई. माझी आहे. मी वाचलंच नाही ते."

उत्तराबाईंनी पुस्तक घेतलं, पट्टीच्या कडेनं पानं हलकेच सोडवली आणि आतला मजकूर मोठ्यानं वाचला. एकदाच. पेट्रिशिया खिडकीबाहेर बघत होती.

वाचून झालं. पेट्रिशियानं मान वळवली नाही, नुसतं म्हणाली, "गार्गी, ते कॉफीचं खोड. आता पूर्ण सांगते."

ती सांगू लागली. उत्तराबाई पुस्तकात बोट ठेवून शब्दामागून शब्द जुळवत राहिल्या. निम्म्यातच त्यांनी पुस्तक मिटलं, शर्लिनच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि ऋताबाईंनी पुढे सरकवलेल्या लेखनिकाच्या अर्जावर स्वतःची सही केली.