ओट्याखालची दगडी पेटी

माझ्या भावाला, अझरियाला, यरुशलेममधला प्रत्येक दगड आपलाच वाटतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो गल्लीबोळांतून फिरवतो आणि कुठल्याही पायरीवर हात ठेवून छाती फुगवून सांगतो, "हे आपल्या पूर्वजांचं!" एकदा त्यानं अशीच एक पायरी दाखवली. ती शेजारच्या सासून नावाच्या माणसानं आदल्याच महिन्यात बसवून घेतली होती. मी खिडकीतून ओरडून तसं सांगितलं. पाहुणे हसले. अझरिया त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही, आणि माझं दुपारचं जेवण कधी नव्हे ते शांतपणे झालं.

शहराच्या नहलाओत मोहल्ल्यातलं हे घर आमच्या बापानं पागडीनं घेतलेलं. पागडीचा कायदा असा, की जो वारस घरात राहतो त्याचं घर. ज्यानं बिऱ्हाड हलवलं त्याचा हक्क संपला. म्हणून मी विधवा झाल्यावर, बाप हयात असतानाच, इथं परत आले, आणि मी आले म्हणून तोही आला. त्याची बायको आम्हा दोघांना कंटाळून मुलीकडे हैफाला निघून गेली. शहाणी बाई. आम्ही दोघं राहिलो, एकमेकांच्या जाण्याची वाट बघत. मी न्हाणीत शिरले की तो पाण्याचा बंब बंद करायचा. मी त्याच्या वाट्याच्या कुब्ब्यात, म्हणजे खिमा भरलेल्या रव्याच्या गोळ्यांत, एवढी मिरची घालायचे की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. खायचा मात्र सगळं, मला समाधान मिळू नये म्हणून.

त्या शुक्रवारी सकाळी मी कुब्बे वळत होते. मोरीचा नळ बरेच दिवस गळत होता आणि दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावर आमचं अडलं होतं. एकाएकी ओट्याजवळची फरशी खचली, धप्पकन आवाज झाला आणि कांद्याची टोपली खाली गेली. मी वाकून विजेरी मारली. खाली खडकात कोरलेली खोली होती. भिंतीत कोनाडे, कोनाड्यांत दगडी पेट्या. एका पेटीचं झाकण तडकलेलं, आणि फटीतून जे पांढरं दिसत होतं तो कांदा नव्हता.

अझरिया कॉफीचा पेला घेऊन दारात उभा होता. त्याला माझ्याआधी कळलं. जुन्या काळी लोक मढं गुहेत ठेवायचे आणि पुढे हाडं गोळा करून अशा पेटीत भरायचे, हे तो पाहुण्यांना रोज सांगतो.

"थडगं आहे रे," मी म्हणाले. "आपल्या घराखाली थडगं!"

"ग्रीकांचं असेल," तो म्हणाला.

मला एवढं हसू फुटलं की पिठाचे हात पोटाला लागले. जन्मात पहिल्यांदा या माणसाच्या तोंडून एखादा दगड परक्याचा निघाला होता!

कारण सरळ होतं. आम्ही कोहेन, म्हणजे इथलं प्राचीन मंदिर उभं होतं तेव्हाच्या ज्यू पुजाऱ्यांच्या वंशातले. कोहेन पुरुषाला मेलेल्याचा विटाळ चालत नाही. ज्या छपराखाली थडगं, त्या छपराखाली त्यानं क्षणभर थांबायचं नाही. परक्यांच्या हाडांचा विटाळ मात्र असा छपराखाली पसरत नाही, असं आमच्यातले पुष्कळजण मानतात. बायकांना तर ही अटच नाही. आम्हाला पुजारीपणाचा मान नाही, मग त्याची बंधनं तरी कशाला? म्हणजे हाडं ग्रीकांची निघाली तर अझरिया घरात. आपली निघाली तर अझरिया बाहेर, कायमचा, कारण थडगं हलवायलाही बंदी. आणि तो बाहेर म्हणजे घर माझं.

मी खिडकी उघडून रब्बी शबतायना हाक मारली. ते गल्लीच्या टोकालाच राहतात, आणि धर्माचा असा निकाल तेच देतात.

"ताई," अझरिया म्हणाला. ताई म्हटलं की समजावं, याला काहीतरी हवंय. "ताई, कशाला गवगवा? फरशी बसवून टाकू. वरची खोली तुझ्या एकटीची. लिहून देतो."

"आणि नळाचे पैसे?"

"तेही मीच देतो."

"काल देत नव्हतास."

"फर्हा, म्हातारपणी मला रस्त्यावर काढशील?"

"मला वृद्धाश्रमात टाकायचे कागद तू कोणत्या वयात आणले होतेस रे?"

त्यानं पेला असा आपटला की कान तुटला. "तू माझ्या मुळावरच जन्माला आलीस!"

"तुझ्या आधी जन्मले मी. तूच माझ्या मुळावर आलास."

रब्बी आले. आधी त्यांनी अझरियाला, निकाल लागेपर्यंत, अंगणात उभं केलं. मग खड्ड्यात डोकावले. त्यांच्या पोटाला त्या खड्ड्यात वाव नव्हता. "पेटीवर काही लिहिलंय का, ते बघायला हवं," ते म्हणाले. "फर्हाबाई, तुम्ही उतराल?"

"हिचा शब्द धरणार?" अझरिया खिडकीचे गज धरून ओरडला. "ही घरासाठी मेलेल्यालाही साक्षीला उभं करील!"

"अशा बाबतीत एकाचा शब्द पुरतो. बाईचासुद्धा," रब्बी म्हणाले. "आणि तू तर उतरू शकत नाहीस. मग ओरडून काय उपयोग?"

खरं सांगते, अझरियाचं काही चुकत नव्हतं. मी ठरवूनच शिडीला पाय लावला होता. खाली ग्रीक असो, रोमन असो, नाहीतर कोरा दगड असो, मी वर येऊन 'आपलंच' म्हणणार होते. याला शाळेत घालताना मला कांदे सोलायला बसवलं होतं आमच्या बापानं. पुढेही यानं आपल्या पुस्तकांना मला कधी हात लावू दिला नाही. "तुला काय कळतंय त्यातलं," म्हणायचा. आता विसंबून बस म्हणावं माझ्या शब्दावर.

खाली गारठा होता, ओल्या मातीचा वास होता. तडकलेल्या पेटीपाशी मी उकिडवी बसले, डोक्याच्या रुमालानं धूळ पुसली. अक्षरं होती. कारागिराची नव्हती. घरच्या कुणीतरी खिळ्यानं ओरखडलेली, वाकडीतिकडी, ओळ शेवटी खाली घसरलेली. दुकानाच्या पाटीवर वाचते तीच आपली हिब्रू अक्षरं. मी एकेक लावत गेले.

दोनदा लावून पाहिली, तेच निघालं. आणि मग राग आला. खोटं बोलायची एवढी तयारी करून उतरले होते मी, आणि त्याची गरजच उरली नाही.

"काय लिहिलंय?" वरून रब्बींचा आवाज.

"आपलंच आहे," मी ओरडले.

"खोटारडी!" अझरिया.

"शप्पीरा, आमची आई. असं लिहिलंय."

"कुणाच्या तरी आईचं नाव पुढे करून मला घराबाहेर काढतेस? लाज वाटत नाही? हे कुणीही रचेल!"

"खाली आणखी एक ओळ आहे."

"काय रचलंस आणखी?"

"उघडू नये."

वर अंगणात पावलं वाजली. मला वाटलं, रडीचा नवा डाव शोधतोय. मी शिडी चढून वर आले तर तो खिडकीत नव्हता. रब्बी शबताय खुर्चीवर टेकले होते, आणि फाटकाकडे बघत होते.

"त्या काळच्या पेट्यांवर कधीकधी असं लिहिलेलं सापडतं," ते हळूच म्हणाले. "अझरियाला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक असणं शक्य नाही, हेही त्याला ठाऊक आहे."

अझरिया फाटकाबाहेर गल्लीत उभा होता. नुसत्या मोज्यांवर. जोडे आत राहिले होते, आणि ते घ्यायला तो आत येऊ शकत नव्हता. मी ते उचलले आणि गजांतून फेकले. एक त्याच्या पोटरीला लागला. त्यानं ते नुसते उचलून घेतले, हे मला आवडलं नाही. भांडायला माणूस समोर हवा.

"रडतोस कशाला?" मी ओरडले. "हैफाला जा बायकोकडे. तिथं समुद्र आहे."

"कोरलंय की ओरखडलंय?" त्यानं विचारलं.

"ओरखडलंय. खिळ्यानं."

"म्हणजे मुलांनी लिहिलं. माणूस लावून नाही. घरच्यांनी." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "आयुष्यभर मी लोकांना पायऱ्या दाखवत हिंडलो ग. आणि ही आपल्या ओट्याखाली होती."

"माझ्या ओट्याखाली," मी म्हणाले.

"तुझ्या," तो म्हणाला. जोडे हातातच धरून उभा राहिला. "फर्हा, पुन्हा एकदा वाच."

"आत्ताच सांगितलं ना? शप्पीरा, आमची—"

"असं तोंडपाठ नको. खाली जा. बघून वाच."

रब्बींनी माझ्याकडे पाहिलं. शेगडीवर कुब्ब्याचं पाणी उतू चाललं होतं. 'जातोस की नाही' असं तोंडाशी आलं होतं माझ्या. मी गॅस बंद केला, शिडी उतरले, विजेरी धरली आणि गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. वरून, लांबून, तो माझ्या मागे एकेक शब्द म्हणत होता.

मग मी वर आले आणि दाराला कडी घातली.