भिंतीवर नव्वद दिवस

सोमवारी अकरा वाजता कमिटी होती. शनिवारी सकाळी बिसेन सर म्हणाले, "त्या तीन घरांचे फोटो पाहिजेत. आत्ताच्या आत्ता निघ. फोटोशिवाय रिसर्च पेपरला वजन नाही." कॅमेरा डिपार्टमेंटचा होता, सेल माझे. नागपूरहून देवरीच्या गाडीत बसलो आणि रस्ताभर पाय हलवत राहिलो. बाजूची बाई शेवटी म्हणाली, "भाऊ, पाय दुखते का तुमचा?" पाय दुखत नव्हता. फेलोशिपची दोन वर्षं संपत आली होती, ते दुखत होतं.

फेलोशिप म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो, कारण विद्यापीठातले लोक साध्या शब्दांत काहीच सांगत नाहीत. पहिली दोन वर्षं तुम्ही ज्युनिअर. मग कमिटी बसते, दोन आतले आणि एक बाहेरचा. त्यांना पटलं तर तुम्ही सीनिअर, पुढची तीन वर्षं पक्की. नाही पटलं तर गावाकडची गाडी. २००८ साली आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटात आम्ही सात फेलो होतो. सातही जणांनी कधी ना कधी आपापल्या सरांच्या घरचं गॅस सिलिंडर आणलं होतं. संशोधन उरलेल्या वेळात.

माझे सर खुमेंद्र बिसेन. आमच्याच गोंदिया जिल्ह्यातले, तिरोड्याकडचे, भरपूर धानाची शेती असलेले पोवार. मी बौद्ध, देवरीपासून सात किलोमीटरवरच्या गावचा. पहिल्या दिवशी म्हणाले, "आपल्या जिल्ह्याचा पोरगा आहेस म्हणून घेतो, संघदीप." खोटं. फेलोशिप दिल्लीहून माझ्या नावावर आली होती. त्यांना फुकटात दोन हात मिळाले. पण हेही कबूल करतो, मायक्रोस्कोपवर बसायला त्यांनीच शिकवलं, मानेला धरून, चुकलो की टपली मारून.

विषय होता रेडॉन. खडकातून, मातीतून निघणारा वायू. दिसत नाही, वास नाही, पण घरात साचला आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुफ्फुस खातो. तो मोजायची पद्धत अशी: प्लास्टिकची डब्बी, आत फिल्मचा एक तुकडा, तोंडाला कागद. ती घरातल्या भिंतीवर नव्वद दिवस टांगायची. वायू फिल्मवर बारीक ओरखडे पाडतो. फिल्म रसायनात धुवायची आणि मायक्रोस्कोपखाली ओरखडे मोजायचे. दिवाळीनंतर मी चाळीस घरांत डब्ब्या टांगल्या आणि फेब्रुवारीत गोळा केल्या. सदतीस घरांचे आकडे साधे. तीन घरांचे दहापट. तिन्ही घरं आमच्या मोहल्ल्यातली, एका ओळीत.

आकडे दाखवले तेव्हा सर खुर्चीतून उठले. "अबे, हा पेपर बाहेरच्या जर्नलला जाते! तू सीनिअर झालास समज." दोन वर्षांत पहिल्यांदा मला बस म्हणाले.

मला आनंद झाला. झाकत नाही. ज्या घरांत जेवून मोठा झालो तिथं विष निघालं आणि मला आनंद झाला.

पहिलं घर निर्मलाबाईचं. माझी मोठमाय, बापाच्या मोठ्या भावाची बायको. अंगणात मोहफुलं वाळत घालून राखण करत बसली होती.

"आला का सायंटिस्ट! काऊन रे, एवढा वाळला? नागपुरात अन्न भेटत नाही का?"

"मोठमाय, त्या भिंतीजवळ उभी राय. डब्बी टांगली होती ना, तिथं. फोटो काढाचा आहे."

"भिंतीचा कायले?" ती हसली. "काढाचा तं ढोलीचा काढ."

मी कॅमेरा खाली केला. "ढोलीचा काऊन?"

"तिथंच तं होती तुही डब्बी."

आमच्याकडे धान ढोलीत ठेवतात. बांबूची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली, माणसाच्या उंचीची. धान भरलं की तोंडही लिंपून बंद.

"तू गेला अन् दुसऱ्याच दिवशी उंदरानं दोरी कातरली," मोठमाय सांगू लागली. "डब्बी खाली पडली. मले कापरंच भरलं. तुही माय सांगून गेली होती, या डब्बीतच पोट्ट्याची फेलोशिप आहे, फुटली तं गेली. मंग मी, अल्का अन् रीना, तिघी शेजारनी बसलो, इचार केला. तिघींनी आपापल्या ढोलीत ठेवली. धानावर फडकं आथरून. वरून लिंपून टाकलं. सोनं ठेवते तशी ठेवली, बापू."

"मी न्याले आलो तवा तं भिंतीवर होती!"

"तू दुकानावर फोन नाही केला का, उद्या येतो म्हनून? तवा सांजच्यानं ढोली फोडली, डब्बी पुसली अन् टांगली. तू म्हनला होता हलवू नका. पाहून नाराज झाला असता."

बंद ढोली, मातीची भिंत, तीन महिने. वायू कोंडणारच. बिसेन सरांच्या ढोलीतही कोंडला असता. माझं संशोधन म्हणजे तीन ढोल्यांचा श्वास होता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, मोठमायला बोलायचे ते शब्द नव्हते. तिनं ऐकून घेतलं आणि मग उभी राहिली.

"ओरडून कायले राहिला? तू सांगितलं होतं का त्यात काय आहे ते? निस्तं सांभाळा, हलवू नका. तलाठी असाच बोलते, नर्सबाई अशीच बोलते. शिकला तं तूबी तसाच झाला."

सर मला कशाचंच कारण सांगत नाहीत म्हणून दोन वर्षं जळत होतो, आणि मी चाळीस घरांत तेच करून आलो होतो. मग मोहफुलांजवळ बसून सांगितलं सगळं. वायू, फिल्म, ओरखडे, कमिटी. ती मधेच म्हणाली, "मंग आमच्या घरात जहर नाही ना?"

"माहीत नाही."

"म्हंजे?"

"घरात मोजलंच नाही, मोठमाय."

"घ्या! एवढ्या तीन महिन्यांत आहे का नाही तेबी नाही समजलं? अन् तुले फोटो पाहिजे?"

गावात मोबाइलला रेंज नव्हती आणि दुकानातल्या फोनवर सगळं गाव ऐकतं. हायवेवरच्या ढाब्यापर्यंत चालत गेलो आणि सरांना फोन लावला.

"झाले फोटो?"

"सर, तिन्ही डब्ब्या ढोलीत होत्या."

ट्रक गेला एक. मग, "तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"नाही. बाया म्हणतात."

"तुझ्या वहीत काय लिहिलंय?"

"भिंतीवर, नव्वद दिवस."

"मग वही खरी. बाई बोलली ते डेटा नसते, भाई. तुला सीनिअर व्हायचं आहे की नाही?"

"व्हायचं आहे, सर."

"मग भिंतीचा फोटो काढ आणि ये. आणि ऐक, माझाही प्रोफेसरचा इंटरव्ह्यू आहे जूनमध्ये. नाटक करू नकोस."

परत गेलो. मोठमायला खिळ्याजवळ उभं केलं आणि भिंतीचा फोटो काढला. शूर-बिर काही नव्हतो. तिनं लुगड्याचा पदर नीट केला. बाकी दोन घरांतही तेच केलं. रविवारभर हॉस्टेलच्या खोलीत उठलो, बसलो, वही उघडली, मिटली.

सोमवारी कमिटीत बाहेरच्या म्हणून रायपूरच्या एक मॅडम होत्या. बारीक, चष्मा, हातात माझाच अहवाल, त्यावर पेन्सिलीच्या खुणा. फोटो पडद्यावर आला. खिळा आणि मोठमाय.

मॅडम म्हणाल्या, "खडक तर पूरे गाँव में वही है. मग याच तीन घरांत दहापट कसं?"

मी तोंड उघडायच्या आत सर बोलले. "मॅडम, हा बौद्ध मोहल्ला आहे. घरं कोंदट, खिडक्या नाहीत, स्वच्छता नाही. या लोकांच्या राहण्याच्या सवयीच तशा."

सहज बोलले. मी बाजूला उभा होतो आणि पडद्यावर मोठमाय उभी होती, जिच्या अंगणात पडलेला भात उचलून खावा इतकं सारवण असतं. खोट्या आकड्यावर गप्प बसलो असतो, हे खरं सांगतो. पण आता तो आकडा आमच्या अंगावर चिकटणार होता, छापून, आयुष्यभरासाठी, आणि चिकटवणारा हात माझाच असणार होता.

"सवयी नाही, सर," मी म्हटलं आणि मॅडमकडे वळलो. "डब्ब्या धानाच्या ढोलीत होत्या. लिंपून बंद. मला शनिवारी कळलं. सरांना शनिवारीच सांगितलं. हा फोटो मी नंतर काढला, आणि तो खोटा आहे."

सर माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या बिस्किटांकडे बघत होते. मॅडमनी पेन्सिलीनं तिन्ही आकडे खोडले, घाई न करता.

"फोटो क्यों खींचा फिर?"

"सीनिअर व्हायचं होतं."

बाहेर पाऊण तास उभं केलं. मग निकाल मिळाला. सीनिअर नाही. एक वर्ष ज्युनिअरच, सगळ्या घरांचं मोजमाप पुन्हा, पण गाइडची संमती लागेल. बिसेन सरांनी पेनाचं टोपण लावलं. "माझ्याकडे जागा नाही." महिन्याच्या आत नवा गाइड नाही मिळाला तर फेलोशिप बंद.

तेव्हापासून डिपार्टमेंटची दारं वाजवतोय. कुणी म्हणतं रेडॉन माझा विषय नाही. कुणी म्हणतं बिसेनला विचारून सांगतो. एका म्हाताऱ्या सरांनी चहा पाजला आणि म्हणाले, "पोरा, तू खरं बोललास. म्हणूनच नको."

आज दहावा दिवस. सहा दारं झाली. सातव्या दाराला कुलूप होतं. शिपाई केवलरामभाऊ स्टूलवर बसून तंबाखू मळत होते.

"साहेब सुट्टीवर आहेत. सोमवारी येतील."

"थांबतो मी."

"सोमवारपर्यंत?" त्यांनी हात थांबवला. "अबे, आज बुधवार आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि दारासमोर येरझाऱ्या घालू लागलो.